निळी पेटी, तीन लेखक आणि माझी एक जुनी बातमी

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा. पाणीपुरवठ्याच्या टेंडरवर आज काही नाही, ते परवा लिहितो. आज एका इंग्रजी मालिकेबद्दल लिहायचंय. आणि ती बघता बघता माझीच एक जुनी बातमी माझ्या अंगावर कशी आली, त्याबद्दलही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये भाचा पुण्याहून गावी आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि वायरी जास्त होत्या. पेपरची पानं निम्म्यावर आली होती, मी घरात नुसता येरझारा घालत होतो. त्यानं एक हार्ड डिस्क हातात दिली आणि म्हणाला, "मामा, हे बघा. संपता संपणार नाही." त्यात 'डॉक्टर हू' होती. भाचा खोटं बोलला नव्हता. ती अजून संपलेली नाही. घरात तिला 'निळा डबा' म्हणतात. "लागला का परत तुमचा निळा डबा?" असं सौ. विचारते, आणि पाच मिनिटांनी स्वतःच येऊन बसते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीची ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. पहिली गोष्ट दिग्दर्शित केली ती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणानं, आणि निर्माती होती व्हेरिटी लॅम्बर्ट. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा, म्हणजे बघा. नायक परग्रहावरचा. नाव विचारलं की 'डॉक्टर' एवढंच सांगतो. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन पेटीसारखं दिसणारं त्याचं यान काळातून मागेपुढे फिरतं आणि बाहेरून एवढंसं, आतून वाड्याएवढं असतं. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर, चेहरा, स्वभाव बदलतो आणि तो पुन्हा उभा राहतो. 1966 मध्ये पहिल्या नटाची तब्येत साथ देईना म्हणून ही युक्ती काढली. आपल्याकडे मालिकेत नट बदलला की खाली पट्टी येते आणि सासूबाई आठवडाभर चुळबुळतात. यांनी त्या अडचणीचीच गोष्ट केली आणि साठ वर्षं चालवली.

1989 ला मालिका बंद पडली. मध्ये 1996 ला एक चित्रपट येऊन गेला. 2005 ला ती नव्यानं सुरू झाली, तेव्हापासून तिला 'शोरनर' असतो. म्हणजे मुख्य लेखक, आणि कारभारीही तोच. कोणती गोष्ट घ्यायची, कुणाकडून लिहून घ्यायची, काय कापायचं, शेवट काय, सगळ्यावर त्याचा हात. आमच्या भाषेत संपादक. मी वीस-बावीस वर्षांत चार संपादक बघितले. मास्टहेड तेच, छपाई तीच, आम्ही तालुक्याचे वार्ताहरही तेच. पण संपादक बदलला की पहिल्या पानावर माणसं दुसरीच दिसायला लागतात. एकाच्या काळात शेतकरी, दुसऱ्याच्या काळात उद्घाटनं.

तीन शोरनर झाले. रसेल टी. डेव्हिस, मग स्टीव्हन मॉफॅट, मग ख्रिस चिबनॉल, आणि 2023 पासून पुन्हा डेव्हिस. यांच्यात श्रेष्ठ कोण यावर तिकडे लोक हमरीतुमरीवर येतात. मला त्यात पडायचं नाही. मी बातमीदार आहे, मला एकच गोष्ट बघायची सवय लागली आहे. ज्याचा काही दोष नव्हता असं माणूस मेलं की पुढच्या दहा मिनिटांत लेखक काय करतो?

डेव्हिसपासून सुरू करतो. त्याची पहिली नायिका रोझ टायलर, एकोणीस वर्षांची, लंडनमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करणारी. आई आणि ती सरकारी गाळ्यात राहतात. डॉक्टर तिला घेऊन जातो आणि परत आणून सोडताना त्याचा हिशेब चुकतो. बारा तास म्हणून गेलेली पोरगी बारा महिन्यांनी घरी येते. इतर कुणी लिहिलं असतं तर तिथे एक विनोद करून पुढे गेला असता. डेव्हिस थांबतो. आईनं 'हरवली आहे' अशी पत्रकं छापलेली आहेत. रोझच्या मित्राला पोलिसांनी संशयावरून पुन्हा पुन्हा उचललेलं आहे. आई डॉक्टरच्या कानाखाली वाजवते. ज्याला आपण साहस म्हणतो त्याचा खर्च कुणाच्या घरी पडतो, हे हा माणूस विसरत नाही.

त्याच पहिल्या वर्षात 'द लाँग गेम' नावाचा भाग आहे. दोन लाखाव्या सालात एक प्रचंड उपग्रह सगळ्या मानवजातीला बातम्या पुरवतो. वर 500 व्या मजल्यावर बढती मिळावी म्हणून पत्रकार जीव टाकतात आणि वर गेलेलं माणूस परत दिसत नाही. तिथे एक संपादक बसलेला आहे, त्याच्या डोक्यावर छताला एक राक्षस लटकलेला आहे, आणि मागे बँकांचा पैसा आहे. मला राक्षसाचं काही वाटलं नाही. मला कॅथिका लागली. ती हुशार पत्रकार आहे, रोज शेकडो बातम्या डोक्यातून पुढे सोडते, आणि स्वतः एकही प्रश्न विचारत नाही. डॉक्टर तिला साध्या साध्या गोष्टी विचारतो. इथे परग्रहावरचे लोक का दिसत नाहीत? इथे इतकं उकडतं का? तिच्याकडे सगळ्याला ठरलेली उत्तरं आहेत. शेवटी तीच तो उपग्रह मोडते.

पण पुढचं बघा. त्याच हंगामाच्या अखेरीस डॉक्टर शंभर वर्षांनी त्याच जागी परत येतो. त्याला वाटलं होतं आपण लोकांना मुक्त केलं. तर कळतं की बातम्या एकाएकी बंद पडल्या, सरकार कोसळलं, अर्थव्यवस्था बुडाली आणि शंभर वर्षं नरक. उपग्रहावर आता जीवघेणे रिअ‍ॅलिटी शो चालतात. खोटी बातमी बंद पाडून डॉक्टर निघून गेला होता, तिच्या जागी काय येणार हे त्यानं बघितलंच नव्हतं. हा भाग 2005 चा आहे. तेव्हा आपल्याकडे चोवीस तासांची चॅनलं नुकती बाळसं धरत होती.

आणि मग 'मिडनाइट', 2008 चा. डेव्हिसचं सगळ्यात चांगलं काम मला हेच वाटतं. एका उजाड ग्रहावर सहलीची एक बंद गाडी अडकते. आत दहाएक माणसं. एका बाईच्या अंगात काहीतरी शिरतं आणि ती सगळ्यांचं बोलणं पुन्हा पुन्हा बोलायला लागते. बाहेर राक्षस कधीच दिसत नाही. आतली माणसं, प्राध्यापक, नवरा-बायको, त्यांचा पोरगा, अर्ध्या तासात जमाव होतात. 'हिला बाहेर फेका'वरून 'याला बाहेर फेका'वर येतात, आणि 'याला' म्हणजे डॉक्टरला. आपल्याकडे पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली तेव्हा मी बसस्टँडवर दोन अनोळखी माणसांभोवतीची गर्दी बघितली आहे. पोलीस वेळेवर आले म्हणून ती बातमी झाली नाही. ते आवाज अगदी हेच होते. एकटं कुणी वाईट नसतं त्यात.

तर शेवटी काय होतं, त्या गाडीत चहा-खाणं देणारी जी होस्टेस आहे, तिला खरा प्रकार कळतो. ती त्या बाईला धरते, दार उघडते आणि तिच्यासकट बाहेर जाते. सगळे वाचतात. मग गाडीत शांतता. डॉक्टर विचारतो, तिचं नाव काय होतं? कुणालाच माहीत नसतं.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "पण मग कंपनीला फोन करून विचारायचं ना. तिचं नाव तर रजिस्टरमध्ये असेल."

मी टीव्ही बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कारण सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या एका जिनिंगला आग लागली होती. जुन्या लोकांना आठवत असेल, हंगामाचा शेवट होता, धूर बायपासवरून दिसत होता. तीन मजूर बाया गेल्या. मी दुपारी तिथे पोचलो. पॅनलची वायर आठ दिवसांपासून उघडी होती, ठिणग्या पडत होत्या, मुकादमाला दोनदा सांगितलं होतं, असं मला चार जणांनी सांगितलं. मी डायरीत लिहून घेतलं. मालकाच्या माणसानं सांगितलं की प्रेसवरचा एक पोरगा बिडी ओढत होता. तेही लिहून घेतलं.

पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोण, काय, कुठे, कधी, का. महत्त्वाचं वर, बाकी खाली, कारण जागा कमी पडली की डेस्क खालून कापतं. मी बिडी दुसऱ्या परिच्छेदात लिहिली. वायर शेवटच्या परिच्छेदात लिहिली. दुसऱ्या दिवशी बातमीत वायर नव्हती. डेस्कचा दोष नाही. शेवटचा परिच्छेद कापला जाणार हे मला माहीत होतं, म्हणूनच ती मी तिथे लिहिली. त्या जिनिंगची दिवाळी अंकाला पानभर जाहिरात यायची आणि तालुक्याच्या वार्ताहराला त्यावर कमिशन असायचं. मी कुणाकडून पैसे खाल्ले नाहीत. असं काही करावं लागलंच नाही.

बातमीत त्या बायांबद्दल होतं, 'तीन महिला मजुरांचा होरपळून मृत्यू'. नावं नव्हती. बिडीवाल्या पोराचं मात्र नाव होतं.

हे बाजूला ठेवतो, परत येतो.

डेव्हिसचं सगळंच मला पटत नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याचे हंगामाचे शेवट म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे. 2007 च्या शेवटाला जगभरच्या लोकांनी एकाच वेळी मनात डॉक्टरचं नाव घेतलं म्हणून तो हवेत उडायला लागतो. आणि त्या एका वर्षात झालेले सगळे अत्याचार काळाचं चाक उलटं फिरवून पुसून टाकले जातात. पण तिथेही त्यानं एक मेख मारून ठेवली आहे. जे थोडे लोक त्या क्षणी विमानावर होते त्यांना सगळं आठवतं. मार्था जोन्सच्या घरची माणसं ते वर्ष भोगून परत येतात आणि त्यामुळेच मार्था डॉक्टरला सोडून जाते.

मॉफॅट हा वेगळ्याच मातीचा माणूस. घड्याळजी. डेव्हिसच्या हाताखाली लिहीत होता तेव्हाच त्यानं सगळ्यांना मागे टाकलं होतं. 2006, 2007 आणि 2008 अशी ओळीनं तीन वर्षं त्याच्या भागांना ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यातल्या पहिल्या गोष्टीत, 1941 च्या बॉम्बवर्षावातलं लंडन आहे, गॅसमास्क लावलेलं एक पोर आईला शोधत फिरतंय आणि ज्याला शिवेल त्याचा चेहरा गॅसमास्कचा होतो. शेवटी आई त्याला जवळ घेते आणि सगळेच्या सगळे बरे होतात. एकही माणूस मरत नाही. डॉक्टर आनंदानं वेडा होतो. डेव्हिसच्या हंगामात, एवढ्या मढ्यांमध्ये, तो एक दिवस दिवाळीसारखा वाटतो.

2010 ला मॉफॅट स्वतः शोरनर झाला आणि मग रोजच दिवाळी झाली. त्याच्याकडे मरण हे एक कोडं असतं. कुठेतरी किल्ली असते, ती आपण पहिल्या भागात बघितलेली असते, फक्त आपल्या लक्षात आलेली नसते. रोरी किती वेळा मेला हे मी मोजायचं सोडून दिलं. बिलचं यंत्र झालं, तीही परत उभी राहिली. क्लारा मेली तर तिच्या दोन ठोक्यांच्या मधून तिला बाहेर काढलं. बघताना टाळ्या पडतात. नंतर अंथरुणावर पडलं की वाटतं, मग मघाशी आपण रडलो कशाला?

सगळ्यात मोठं उदाहरण 2013 चं, मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. डेव्हिसच्या डॉक्टरच्या मनात एक जळतं लाकूड होतं. महायुद्ध थांबवायला त्यानं स्वतःचा ग्रह, स्वतःची माणसं स्वतःच्या हातानं संपवली होती. तो हसायचा तेव्हाही ते त्याच्या डोळ्यात असायचं. मॉफॅटनं पन्नासाव्या वर्षी ते पुसलं. ग्रह जळाला नव्हता, लपवला होता, आणि त्यावरची 247 कोटी मुलं वाचली होती. त्या रात्री मी खूश होतो. डॉक्टर हा डॉक्टर आहे, त्यानं मुलं मारता कामा नयेत, हा मॉफॅटचा मुद्दा साधा आणि चांगला आहे. पण दोन दिवसांनी मला कुणीतरी खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. चूक करून तिच्यासोबत जगणारा माणूस मला ओळखीचा होता. चूक झालीच नव्हती असं कळलेला माणूस माझ्या ओळखीचा नाही.

तरी मॉफॅटला मी मोडीत काढणार नाही, त्याला दोन कारणं आहेत.

एक, 'हेवन सेंट', 2015. क्लारा मेल्यानंतर डॉक्टर एका किल्ल्यात एकटा अडकलेला आहे. मागे हळूहळू चालत येणारं मरण आहे. पुढे हिऱ्याहून कठीण अशी वीस फूट जाडीची भिंत. तो भिंतीवर बुक्क्या मारतो, मरतो, पुन्हा पहिल्यापासून तयार होतो, पुन्हा येतो, पुन्हा बुक्की. साडेचार अब्ज वर्षं. जवळपास सगळा भाग एकटा पीटर कपाल्डी. माझे वडील 2021 च्या लाटेत गेले, त्यानंतर दोन महिन्यांनी मी हा भाग पाहिला. रोज सकाळी उठल्यावर पहिलं मिनिट ठीक असायचं आणि मग आठवायचं. तेच त्यात आहे. हुशार माणूस म्हणून मॉफॅटला लोक नावं ठेवतात, पण दुःखाचं हे रोज-पहिल्यापासून-सुरू होणं मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

दोन, 'द बीस्ट बिलो', 2010. ज्यांना राजकारणावरच वाचायचं असतं त्यांनी एवढा एक भाग बघा. ब्रिटन एका यानावर बसून अवकाशात चाललाय. यान कशावर चालतं हे गुपित आहे. दर पाच वर्षांनी प्रत्येक नागरिकाला मतदानाच्या खोलीत एकट्याला बसवतात आणि पूर्ण सत्याची फिल्म दाखवतात. मग समोर दोन बटणं असतात, 'निषेध' आणि 'विसरा'. एक टक्का लोकांनी निषेध दाबला तरी सगळं थांबेल, असंही सांगतात. आणि सगळे 'विसरा' दाबून, चेहरा पुसून बाहेर येतात. राणीसुद्धा. नायिका एमीसुद्धा. सत्य असं आहे की यान एका महाकाय जिवंत प्राण्याच्या पाठीवर आहे आणि त्याला चालवायला त्याच्या मेंदूला रात्रंदिवस वीज देतात.

शेवट मॉफॅटचा नेहमीचा. एमीच्या लक्षात येतं की तो प्राणी मुलांचं रडणं ऐकवलं नाही म्हणून आपणहून आला होता, छळ थांबवला तर तो उलट वेगानं धावतो. म्हणजे न्यायही झाला आणि कुणाला काही गमवावंही लागलं नाही. असं कुठे होतं हो? पण ते दोन बटणांचं यंत्र डोक्यातून जात नाही. तिथे सेन्सॉर नाही, तुरुंग नाही. बहुतेक लोक आपणहून विसरतात. मी जिनिंगमध्ये दुपारी दोन वाजता ती फिल्म पूर्ण बघितली होती. साडेपाचला कॉपी पाठवताना बटण दाबलं.

चिबनॉल 2018 ला आला. त्याची एक गंमत आहे. 1986 मध्ये, शाळकरी पोरगा असताना, तो बीबीसीच्याच एका कार्यक्रमात बसून 'डॉक्टर हू'च्या लेखकांना तोंडावर सुनावत होता की तुमच्या गोष्टी कंटाळवाण्या झाल्यात. बत्तीस वर्षांनी तोच खुर्चीवर. त्यानं जोडी व्हिटेकरला घेतलं, पहिली बाई डॉक्टर. सोबत शेफिल्डची यास्मिन खान, पाकिस्तानी कुळातली पोलीस पोरगी. जागा साध्या, माणसं साधी, सुरुवातीचं वर्ष तर एकही जुना राक्षस न घेता. आणि तरी त्याच्या भागांत माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना माहिती देतात. आमच्याकडे जिल्हा माहिती कार्यालयाकडून येतं तसं प्रेसनोटसारखं. पुढे त्यानं डॉक्टरच्या जन्माचीच नवी कुळकथा लिहिली, अर्धं विश्व नष्ट केलं आणि त्यावर फारसं कुणी बोललंच नाही. तो भाग सोडून देतो.

पण त्याच्याच पहिल्या हंगामात 11 नोव्हेंबर 2018 ला 'डेमन्स ऑफ द पंजाब' आला. लेखक विनय पटेल. ऑगस्ट 1947. यास्मिन आपल्या आजीचं तरुणपण बघायला जाते आणि कळतं की आजी, उंब्रीन, फाळणीच्या त्या आठवड्यात प्रेम नावाच्या हिंदू शेतकऱ्याशी लग्न करतेय. घरात याबद्दल कुणी कधी बोललेलं नाही. सीमारेषा जाहीर होते तो लग्नाचा दिवस आहे. प्रेम महायुद्धात इंग्रजांसाठी लढून आलेला. त्याचा धाकटा भाऊ मनीष रेडिओ ऐकून, पत्रकं वाचून बदललेला. परग्रहावरचे दोन भेसूर जीव आजूबाजूला दिसतात आणि आपल्याला वाटतं मारेकरी हेच. ते एके काळी मारेकरी होते खरे. आता त्यांचं काम एवढंच की जे एकटे मरतात, ज्यांच्यासाठी कुणी रडायला नाही, त्यांच्या शेवटच्या क्षणी तिथे हजर राहायचं.

मारणारा भाऊच असतो, बंदूकवाल्यांना तोच घेऊन येतो. डॉक्टर प्रेमला वाचवू शकत नाही, कारण त्याला वाचवलं तर यास्मिन जन्मालाच येणार नाही. ती सगळी पाठ फिरवून चालत जातात आणि मागे गोळीचा आवाज येतो. ना डेव्हिससारखी आरडाओरड, ना मॉफॅटची किल्ली. माझे एक ज्येष्ठ मित्र आहेत, सिंधी, त्यांचं घराणं 1947 ला उल्हासनगरच्या छावणीत आलं. त्यांना मी हा भाग लॅपटॉपवर दाखवला. संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडेही कुणी बोललं नाही." आणि मुलाला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

ते साक्षीदार जीव मला आमच्या धंद्याचे वाटले. थांबवता येत नाही ते नीट बघून ठेवायचं. चिबनॉलच्या काळाला मी चांगले गुण दिले असते. पण बरोबर एका आठवड्यानं, 18 नोव्हेंबरला, 'करब्लॅम!' आला.

अवकाशातली एक प्रचंड कुरिअर कंपनी. लाखो पार्सलं, यंत्रमानव आणि कायद्यानं ठेवावे लागतात म्हणून दहा टक्के माणसं. माणसांच्या पायात ट्रॅकर. दोन मिनिटं बोलत उभं राहिलं की यंत्र येऊन टोकतं. एका पार्सलमध्ये चिठ्ठी येते, 'मदत करा'. कामगार गायब होतायत. पाऊण तास मी पुढे सरकून बसलो होतो, की हे चालवणाऱ्याची आता खैर नाही.

तर गुन्हेगार निघतो सफाई-दुरुस्तीचं काम करणारा एक पोरगा. यंत्रांमुळे माणसांच्या नोकऱ्या गेल्या म्हणून तो चिडलेला आहे आणि पार्सलमधून बॉम्ब पाठवून कंपनी बदनाम करणार आहे. चिठ्ठी लिहिणारी खुद्द कंपनीची संगणक यंत्रणाच असते. त्याला धडा शिकवायला ती यंत्रणा त्याला आवडणाऱ्या, काही दोष नसलेल्या एका कामगार पोरीला मारते. आणि आमची डॉक्टर सांगते की यंत्रणेत काही वाईट नाही, तिचा वापर करणारी माणसं वाईट. पोरगा स्फोटात मरतो. कंपनी चार आठवडे बंद राहते, पगार मात्र दोन आठवड्यांचा देते आणि तेवढ्यावर सगळे समाधानानं निघतात. त्या मेलेल्या पोरीबद्दल यंत्रणेला कुणी एक प्रश्न विचारत नाही.

हा भाग चिबनॉलनं स्वतः लिहिलेला नाही, पीट मॅकटायनं लिहिला आहे. पण शोरनर चिबनॉलच होता. एका रविवारी तो मेलेल्याजवळ हात जोडून उभा राहतो आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या मेलेलीवरून चालत जातो. मी रागानं भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मालिका आहे." मी म्हटलं, मालिका कसली, ही माझी बातमी आहे. पॅनलची वायर शेवटच्या परिच्छेदात आणि बिडीवाला पोरगा दुसऱ्या.

डेव्हिस परत आल्यापासून काही वेळा मॉफॅटसारखाच वागतो. 2024 च्या शेवटाला सगळं विश्व मरतं आणि सगळं परत येतं. पण त्याच वर्षीच्या 'डॉट अँड बबल'मध्ये तो जुना डेव्हिस आहे. डोक्याभोवती मोबाइलच्या पडद्यांचा फुगा घेऊन फिरणारी श्रीमंत पोरं, ज्यांना बाण दाखवल्याशिवाय चालताही येत नाही. राक्षस त्यांना एकेक करून खातायत आणि डॉक्टर वाचवायला आलाय. तो डॉक्टर तेव्हा कृष्णवर्णीय होता, शूटी गाट्वा. ती पोरं त्याच्याकडे बघतात आणि त्याच्यासोबत जायला नकार देतात, कारण तो त्यांच्यातला नाही. तो हसतो, ओरडतो, रडतो. ती मरायला निघून जातात. कुठलीही किल्ली सापडत नाही. 2025 ला डिस्नेनं पैशाची साथ सोडली. पुढचा संपादक कोण येईल आणि कुणाला पहिल्या पानावर घेईल, ते तिकडचे लोक बघतील.

मुलीनं रजिस्टरचं म्हटलं होतं. मी उशिरा का होईना, ते केलं. ती जिनिंग आता बंद आहे, जागेवर मंगल कार्यालय झालंय. त्या वेळच्या एका हमालाकडून आणि ग्रामीण रुग्णालयातल्या एका जुन्या कर्मचाऱ्याकडून दोन बायांची नावं मिळाली. दोघींच्या घरी जाऊन आलो. एकीच्या मुलाला वायरबद्दल माहीत होतं. त्यानं विचारलं, तेव्हा का नाही छापलं. मी त्याला वर लिहिलंय तेवढंच सांगितलं. त्यानं पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. त्यांची नावं इथे टाकायला घरच्यांनी नको म्हटलंय, म्हणून टाकत नाही. प्रेसवरचा तो पोरगा पुढे सुरतेला गेला आणि परत आला नाही, एवढंच कळलं.

तिसऱ्या बाईंचं नाव मिळत नाही. त्या त्या वर्षीच पहिल्यांदा आल्या होत्या, बाहेरच्या तालुक्यातल्या टोळीबरोबर. मुकादमाच्या वहीत नुसतं 'बाई 1' आहे. चाळिशीच्या होत्या, हातावर गोंदण होतं आणि सोबत एक लहान मुलगी यायची, असं हमाल सांगतो. त्या हंगामात तिकडे कामाला असलेलं तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. कमेंटमध्ये नको.